मावशीची रांग

“मावशी, आज हात गार आहेत तुमचे.”

“हीटर बंद पडलाय. श्वास कोंडू नकोस, झालंच.”

मावशीची बोटं त्या मुलीच्या कॉलरखालून खांद्यावर आली, काखेतून उतरून कमरेवरून फिरली आणि स्कर्टच्या दुमडीपाशी थांबली. दुमडीत काहीतरी टोचत होतं. तिने वाकून पाहिलं. शिवताना राहून गेलेली सुई होती.

“ही बघ. दिवसभर टोचत बसली असती. शिलाई कुणाची?”

“माझीच.”

“वाटलंच. जा, पळ. झालं हं.”

मुलगी हसत पडदा सारून गेली. ‘झालं हं’ हे मावशीचं प्रत्येकीला ठरलेलं.

सरहद्दीच्या फाटकावर बायकांची झडती घ्यायला दोन खोल्या होत्या. खोल्या आपल्या म्हणायच्या. प्लायवूडच्या तीन भिंती, चौथ्या बाजूला जाड पडदा, पायाखाली लाकडी फळी, कोपऱ्यात सामान ठेवायला प्लॅस्टिकचा ट्रे. आत ओल्या लोकरीचा, घामाचा आणि फिनेलचा मिळून एक वास कायमचा मुरलेला. पलीकडच्या बायका रोज सकाळी कामाला यायच्या. कुणी इस्पितळात फरशी पुसायला, कुणी हॉटेलात भांडी घासायला, बऱ्याचजणी घरोघरची म्हातारी माणसं सांभाळायला. संध्याकाळी फाटक बंद व्हायच्या आत परत जायच्या. रांगा दोन असल्या तरी भरायची एकच. दुसऱ्या खोलीतली बाई नखं वाढवायची आणि तोंड उघडायची ते खेकसायलाच, म्हणून तिचं नाव पडलं होतं नखवाली. साहेब मधूनमधून येऊन अर्धी रांग तिच्याकडे ढकलायचे आणि त्यांची पाठ वळली की बायका एकेक करून पुन्हा मावशीच्या रांगेत शिरायच्या.

या कामात मावशीचे केस पिकले होते. लोक विचारायचे, दिवसभर परक्या अंगांना हात लावायचा, किळस नाही येत? तिला खरोखरच येत नसे. घाबरलेलं अंग कडक असतं. त्याच्याशी दोन गोष्टी बोललं की ते सैल पडतं आणि हाताला जे कळायचं ते कळतं. एवढं तिला जमत होतं. झडती हवी की नको, याबद्दल तिच्या मनात कधी शंका आली नव्हती. एका बाईच्या अंबाड्यातून तिने स्वतः काडतुसं काढली होती. दुसरीच्या पोटाला बांधलेल्या पुड्यांत जी पावडर सापडली, तसल्याच पावडरने मावशीच्या शेजारच्या घरातला तरणाताठा मुलगा खाल्ला होता. फाटक सताड उघडं टाका म्हणणाऱ्यांना एक दिवस आपल्या खोलीत उभं करावं, असं तिला वाटायचं. आणि कायमचं बंद करा म्हणणाऱ्यांना विचारावं, की तुमच्या आईला सकाळी अंथरुणातून कोण उठवतं?

तिच्या आईला काडी उठवायची.

काडी हे रांगेतलं नाव. बाई उंच आणि इतकी सडसडीत, की ‘हिची झडती काय घ्यायची, उजेडात धरलं की आरपार दिसते,’ असं बायका म्हणायच्या. मावशीच्या आईला झटका आला आणि एक बाजू गेली, तेव्हा अलीकडच्या दोन बायका ठेवून पाहिल्या होत्या. पहिली वास सोसवत नाही म्हणून गेली, दुसरी पाठ भरते म्हणून. मग काडी आली आणि राहिली. एकच अडचण होती. फाटकावरच्या कर्मचाऱ्याने पलीकडचं माणूस आपल्या घरी कामाला ठेवायचं नाही, असा नियम होता. ठेवलं तर नोकरी जायची. नियम बरोबरच होता. जिच्याकडून आपल्या आईचं करून घ्यायचं, तिची झडती माणूस काय कपाळ घेणार? पण पासावर घराचं नाव नसे, नुसतं ‘घरकाम’ असे. त्यामुळे निभून गेलं. सकाळी फाटकावर मावशी तिला “पुढे या” म्हणायची, काडी ओळख न दाखवता हात वर करायची. थोड्या वेळाने हीच काडी मावशीच्या क्वार्टरचं कुलूप उघडून आत गेलेली असायची.

आईचे भिजलेले गाऊन काडी आपल्या घरी नेऊन धुऊन आणायची. क्वार्टरची दोरी सामाईक होती आणि आई म्हणायची, “मला जिवंतपणी चारचौघांत वाळत घालू नका.” धुतलेले गाऊन काडीच्या निळ्या पिशवीत असायचे. अख्ख्या रांगेत ती एकच पिशवी मावशी उघडत नसे. वरून थोपटायची आणि म्हणायची, झालं हं.

त्या वर्षी सुलभ प्रवेशाची योजना आली. जे पास घेऊन सरळ मार्गाने येतात, ज्यांच्याविरुद्ध काही नोंद नाही, त्यांना अलीकडे राहायचा परवाना चटकन मिळणार. अठराच्या आतलं मूल सोबत आणता येणार. काडीची मुलगी सतरा पुरी करून अठराव्यात लागली होती. पलीकडे मामीच्या हाताखाली राहत होती, आणि तो मामीचा हात कसा होता हे काडीने मावशीच्या आईला सांगितलं होतं, मावशीला नाही. योजना आली त्या दिवशीच काडीने अर्ज टाकला.

पण योजना मंजूर करून घ्यायची तर विरोध करणाऱ्यांच्या पदरात काहीतरी टाकायला हवं होतं. ते असं टाकलं: योजनेत अर्ज करणाऱ्यांची पूर्ण तपासणी. कपडे उतरवून. नदीच्या वळणावरून गुपचूप येणारे येतच होते. त्यांचे कपडे कोण उतरवणार, ते मुळात सापडतच नव्हते. जी माणसं स्वतःच्या पायांनी दारात येऊन उभी राहत होती, त्यांचेच उतरवायचे. वर्तमानपत्रांनी याला सुरेख तोल म्हटलं.

तो तोल बघायला त्या दिवशी समिती आली होती.

समितीत दोघंच महत्त्वाचे. एक बाईसाहेब, ज्या सभागृहात बाहेरून येणाऱ्यांची बाजू मांडायच्या. त्यांना फाटकावरचे लोक दारवाली म्हणत. दुसरा एक जाडजूड गृहस्थ, जो सुरक्षा, सुरक्षा एवढंच बोलायचा, तो कुलूपवाला. टीव्हीवर ते एकमेकांना खाऊ की गिळू करायचे. इथे एकाच गाडीतून उतरले.

“आली सर्कस,” नखवाली पडद्याआडून म्हणाली.

साहेब घाईघाईने मावशीकडे आले. “मावशी, पूर्ण तपासणी करून दाखवायची आहे. बाईसाहेब आत येतील, बाकीचे बाहेर थांबतील. योजनेतली एखादी निवडा. रडारड करणारी नको.”

“करून दाखवायची म्हणजे? हा काय दुकानातला मिक्सर आहे, साहेब, बटण दाबून दाखवायला?”

“मला नका विचारू. मला वरच्यांना तोंड द्यायचंय.”

मावशीने रांगेवर नजर टाकली. योजनेची हिरवी चिठ्ठी छातीवर लावलेल्या तिघी होत्या. पहिली अगदी पोरसवदा, तिचे ओठ आताच थरथरत होते. दुसरीचं पोट दिसत होतं. तिसरी काडी. मावशीच्या मनात आलं, ही आपली आहे, समजून घेईल. माझ्या हातून चटकन होईल, त्या पोरीचा तर जीव जाईल. हा विचार तिला त्या क्षणी चांगुलपणाचा वाटला. पुढे कितीदा तरी तिने तो उलटसुलट करून पाहिला, तरी तो तिला पुरता वाईट दिसला नाही. आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला.

“पुढे या,” ती काडीला म्हणाली.

बाईसाहेब आत आल्या. नाकाला अत्तराचा रुमाल होता. “घाबरायचं नाही हं अजिबात,” त्या काडीला म्हणाल्या. “आम्ही तुमच्याच बाजूच्या आहोत.” खोली दोघींपुरतीच होती, तिसरीला जागा नव्हती; त्यामुळे बाईसाहेब अर्ध्या आत, अर्ध्या पडद्यात उभ्या राहिल्या आणि पडदा पुरता मिटेना. फटीतून बाहेरच्यांचे बूट दिसत होते. कुणीतरी चहा फिरवत होतं.

“मोठ्याने सांगत चला,” कुलूपवाल्याचा आवाज आला. “आम्हाला टिपून घ्यायचंय.”

“काय सांगू?”

“काय काढलं, काय सापडलं. सगळं.”

काडीने स्वेटर काढला. मावशी म्हणाली, “स्वेटर.” काडीने झगा काढला. मावशी म्हणाली, “झगा.” एवढ्या वर्षांत तिने झडतीच्या वेळी कितीतरी बोलणं केलं होतं, भाजीचं, सुनेचं, गुडघ्यांचं, पण लिलाव केला नव्हता. बाहेर बिस्कीट मोडल्याचा आवाज आला. एकेक कपडा ट्रेमध्ये पडत गेला आणि मावशी त्याचं नाव घेत गेली. काडीच्या अंगावर थंडीने काटा उभा राहिला होता. ती समोरच्या प्लायवूडमधल्या एका गाठीकडे बघत होती. मावशीने ओंजळीत फुंकर घालून हात गरम करायचा प्रयत्न केला, पण ते गरम झाले नाहीत. शेवटी तिने काडीच्या पाठीवरून हात फिरवला तेव्हा तिला परक्या अंगांत कधीही न जाणवलेली एक चिकट, ओकारीसारखी भावना घशाशी आली. ती किळस काडीच्या अंगाची नव्हती. बाहेर कुणीतरी चहाचा भुरका मारत होतं, त्याचीही नुसती नव्हती.

“काही नाही,” ती म्हणाली. “झालं. कपडे घाला.”

“आणि पिशवी?” बाईसाहेब म्हणाल्या.

मावशीचा हात सवयीने पिशवी थोपटायला गेला. तो तिथेच राहिला.

“उघडा ना.”

पिशवीतून एक मोठा, फुलाफुलांचा, धुऊन धुऊन पांढुरका पडलेला गाऊन निघाला. त्याखाली तसलाच दुसरा. बाईसाहेबांनी पहिला दोन बोटांनी उचलून उजेडात धरला. मागच्या बाजूला पिवळट डाग होते. कितीही उकळलं तरी न निघणारे.

“वापरलेले कपडे?” बाहेरून कुलूपवाला म्हणाला. “विकायला आणतात हे लोक. बंदी आहे त्याला. कुणाचे आहेत विचारा.”

“कुणाचे गं हे?”

काडी अर्धवट कपड्यांत उभी होती. तिने मावशीकडे पाहिलं नाही. “माझेच,” ती म्हणाली.

“तुझे? यात तुझ्यासारख्या दोघी मावतील.”

“रात्री घालते. सैल बरा वाटतो.”

“आणि हे डाग?”

काडीने हातातला स्वेटर छातीशी धरला. मग बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मला लघवी आवरत नाही, बाईसाहेब. रात्रीची होते.”

बाहेर कुणीतरी खाकरलं. बाईसाहेबांनी गाऊन ट्रेमध्ये टाकला आणि रुमालाला बोटं पुसली. कुलूपवाला कारकुनाला सांगत होता, “आजार आहे. लिहा, आजार. योजनेत आजारी माणसं घ्यायची नाहीत, स्पष्ट म्हटलंय.”

काडीला हे माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून मावशीला ते कळलं. मावशीला मात्र माहीत होतं. योजनेचा कागद तिच्याच खोलीच्या भिंतीवर चिकटवलेला होता. आरोग्याचा आक्षेप लागला की अर्ज वर्षभर बंद. वर्षाने ती मुलगी अठराच्या पलीकडे गेलेली असणार.

“थांबा, थांबा,” बाईसाहेब म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, हे मावशीने पुढेही कबूल केलं. “उगाच कुणावर अन्याय नको. मावशी, तुम्ही रोज बघता हिला. हे खरं आहे का?”

पडद्याबाहेर पेन थांबलं. मावशीला आई दिसली नाही, नोकरी दिसली नाही, असलं काही त्या क्षणी दिसत नाही. एक शब्द बोलायचा होता. माझ्या आईचे. दोन शब्द.

“असेल,” ती म्हणाली.

पेन पुन्हा चालू झालं.

बाहेर गेल्यावर बाईसाहेब म्हणाल्या, “किती नीट काम करतात या! माणसाचा मान राखूनही सुरक्षा सांभाळता येते, हे मी कधीपासून सांगते आहे.” कुलूपवाला म्हणाला, “या बाबतीत आपलं एकमत, बरं का.” दोघं मनापासून हसले. फोटोवाल्याने मावशीला मध्ये उभं केलं. कुलूपवाल्याच्या मिशीला बिस्किटाचा भुगा लागला होता, तो मावशीला फोटो होईपर्यंत दिसत राहिला.

समितीची गाडी गेल्यावर मावशी साहेबांच्या खोलीत गेली.

“साहेब, ते गाऊन माझ्या आईचे आहेत.”

साहेबांनी मान वर केली नाही. “मला माहीत आहे.”

“तुम्हाला...?”

“मावशी, अर्ध्या फाटकाला माहीत आहे. माझ्या सासऱ्यांकडे कोण येतं असं वाटतं तुम्हाला?” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तेव्हाच, नोंद पक्की व्हायच्या आत बोलला असतात तर तुमची नोकरी गेली असती, पण ती बाई वाचली असती. आता बोललात तर तुमचीही जाईल, आणि ती समितीपुढे खोटं बोलली असं होईल. खोटं बोलणाऱ्याला फाटक कायमचं बंद. आजाराला निदान वर्षाने अर्ज करता येतो.”

“वर्षाने काय करायचंय? मुलगी बसत नाही मग.”

“मग सांगा. उठतो, लिहून घेतो. बुडवू दोघींना.”

मावशी उभी राहिली. तिला हायसं वाटलं. अगदी स्पष्ट, छातीतून खाली उतरत गेलेलं हायसं. आणि सकाळपासून घशाशी आलेली किळस कशाची होती, ते तिला तिथे, साहेबांच्या टेबलापुढे उभ्या उभ्या कळलं.

“जाते मी,” ती म्हणाली.

संध्याकाळी घरी आली तेव्हा काडी आईला सूप भरवत होती. खोलीत साबणाचा वास होता. आईचे केस विंचरलेले होते.

“आलीस?” आई म्हणाली. तिचा अर्धाच ओठ हलायचा. “ही आज मुकी झालीय. दहा वेळा विचारलं, भूत पाहिलंस का गं पोरी?”

“बोलते की, आजी,” काडी म्हणाली. “तुम्हीच बोलू देत नाही. तोंड उघडा.”

“बघ. ओरडतेसुद्धा.”

मावशीने आपली पिशवी टेबलावर ठेवली, उगाच नळ सोडला, बंद केला. काडीने वाटी धुतली, आईचं तोंड पुसलं, उशी नीट केली. तिला फाटक बंद व्हायच्या आत निघायचं होतं. दारापाशी दोघी समोरासमोर आल्या.

“मी साहेबांकडे गेले होते,” मावशी हलक्या आवाजात म्हणाली. “सांगितलं. पण आता सांगून उलटच होतंय म्हणे.”

“हो. अर्जाच्या खिडकीवरचा कारकूनही तेच म्हणाला.”

“तू तरी कशाला म्हणालीस, माझे आहेत म्हणून?”

“मला वाटलं, लाज जाईल तेवढीच,” काडी म्हणाली. “लाजेचं काय, चार दिवसांनी परत येते.” तिने स्वेटरची बटणं लावली. शेवटचं बटण लावायला तिला वेळ लागला. “मावशी, एक विचारू? आजार लिहिला की अर्ज बंद होतो, हे तुम्हाला ठाऊक होतं का?”

आतून आई म्हणाली, “काय कुजबुज चाललीय?”

“हो,” मावशी म्हणाली.

काडीने मान हलवली. भाजीवाल्याने भाव सांगितल्यावर हलवतात, तशी. “आजींना झोपायच्या आधी पांढरी गोळी द्या. डाव्या कुशीवर ठेवू नका, तिथे कातडी लाल झालीय.” आणि ती गेली.

रात्री आईला वळवताना मावशीला जमेना. हात कुठे घालायचा ते कळेना. आई कळवळली आणि म्हणाली, “राहू दे, ती सकाळी येईल.” येईल की नाही हे मावशीला माहीत नव्हतं, आणि ते आईला सांगायचा धीरही झाला नाही.

सकाळी धुकं होतं. नवा हीटर बसवला होता. समितीने सुचवलेली तेवढी एक सुधारणा ताबडतोब झाली होती. मावशीची रांग नेहमीसारखीच भरली. ती प्रत्येकीच्या अंगावरून हात फिरवत होती, पडदा सरकला की बाहेर बघत होती.

काडी आली. हिरवी चिठ्ठी काढून घेतलेली होती. खांद्याला तीच पिशवी. मावशीच्या रांगेतल्या एकीने सरकून तिला जागा करून दिली. “ये गं काडी, इथे ये, पुढे घुस.”

काडी थांबली नाही. ती सरळ गेली आणि नखवालीच्या रिकाम्या खोलीसमोर उभी राहिली.

“तुला काय झालंय? मावशी इकडे आहे!” मागून कुणीतरी ओरडलं.

“वेड लागलं का तिला?”

पडद्याआडून नखवालीचा आवाज आला, “हात वर! वर म्हटलं ना! पिशवी ओत सगळी.” ते ऐकताना मावशीचे हात थांबले. मावशीसमोर उभी असलेली बाई हात वर करून वाट बघत होती.

“मावशी?”

“हं. हो.”

पलीकडचा पडदा सरकला. काडी बाहेर आली. मानेवर नखाचा एक लाल ओरखडा होता. तिने ओतलेले कपडे उभ्या उभ्या घडी करून पिशवीत भरले, कॉलर सारखी केली आणि मावशीच्या क्वार्टरच्या रस्त्याला लागली. आईच्या अंघोळीची वेळ झाली होती.